मांजर दत्तक देताय? निरोप आधी घ्या, ताबा नंतर द्या

“ताई, परवा रात्रीचं फ्लाइट आहे. मांजर कोणी घेईल का?”

ठाण्यात मांजरांच्या कामात लुडबुड करायला लागल्यापासून हा फोन मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. कधी फ्लाइटच्या जागी लग्न असतं, कधी बाळंतपण, कधी घरमालक. फोन करणारी माणसं वाईट नसतात, बहुतेक वेळा रडतच असतात. पण सहा आठवड्यांचं काम ती दोन दिवसांत उरकायला निघालेली असतात. मग जे घर मिळेल तिथे मांजर जातं, आणि पंधरा दिवसांत एकतर परत येतं किंवा उघड्या खिडकीतून नाहीसं होतं.

मीही चुकलेय. बाबांचा फुप्फुसाचा आजार वाढला तेव्हा आमची कवडी नेरुळच्या एका घरी द्यावी लागली. पांढरी, पाठीवर काळे ठिपके, स्वभावाने खवचट. तिला नेण्याच्या दिवशी मी तीन घोळ घातले. चांगली दिसावी म्हणून तिची गोधडी धुतली, कॅरियर (मांजर न्यायचा बंद पिंजरा) न आणता तिला वेताच्या टोपलीत घातलं, आणि नव्या घरी तिला मांडीवर घेऊन दोन तास रडत बसले. त्यानंतर कवडी चार दिवस फ्रिजमागे होती.

मांजराला निरोप समारंभ कळत नाही. त्याला कळतो तो वास, जागा आणि शेजारच्या माणसाची घाबरगुंडी. निरोपाची गरज आपल्याला असते आणि तो जरूर घ्यावा, पण आपल्या घरी, आदल्या दिवसापर्यंत. ताबा देण्याचा दिवस कोरडा आणि कंटाळवाणा गेला पाहिजे. खालचा सगळा क्रम त्यासाठी आहे.

१. द्यायचंच आहे का, हे एका बैठकीत ठरवा

यावर महिनाभर चर्चा करत बसू नका. घरातली सगळी मोठी माणसं एकदा एकत्र बसा आणि कारण कागदावर लिहा. काही कारणं कागदावर आली की विरघळतात.

गरोदरपण हे त्यातलं पहिलं. मांजरामुळे टोक्सोप्लाझ्मा (पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या एका जंतूचा संसर्ग) होतो या भीतीने दरवर्षी कितीतरी मांजरं घराबाहेर जातात. हा जंतू मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो हे खरं, पण बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू) रोज साफ केलं, ते काम गरोदर बाईऐवजी दुसऱ्या कोणी केलं, मांजराला कच्चं मटण दिलं नाही, तर त्यासाठी मांजर काढावं लागत नाही. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांच्याकडे तेवढंच लक्ष द्यायला हवं, आणि त्या तर आपणच आणतो. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी एकदा बोला आणि मग ठरवा.

सोसायटी हे दुसरं कारण. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. सेक्रेटरी काका जिन्यात काय बोलले यावर मांजर देऊ नका, लेखी मागा. भाड्याच्या घराची गोष्ट वेगळी, तिथे करारनामा काय म्हणतो ते पाहावं लागतं.

परदेशी जाणाऱ्यांनी मांजर सोबत नेता येईल का, हे तिकिटाच्या आधी विचारावं. युरोपीय संघाच्या देशांत भारतातून मांजर न्यायचं तर मायक्रोचिप, रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्तचाचणी आणि तो नमुना घेतल्यापासून तीन महिन्यांची वाट, एवढं सगळं लागतं. दोन आठवड्यांत जमत नाही, पाच महिन्यांत जमतं.

दमा, तीव्र ॲलर्जी, घरातलं मोठं आजारपण, सांभाळणारं माणूसच गेलेलं असणं, ही कारणं विरघळत नाहीत. तिथे अपराधीपणात वेळ घालवू नका, पुढच्या पायरीला लागा.

*सावधान:* मासळी बाजाराजवळ, उपवन तलावाच्या काठी किंवा एखाद्या कॉलेजच्या आवारात “तिथे खूप मांजरं आहेत, जगेल” म्हणून सोडून येणं म्हणजे दत्तक देणं नव्हे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ प्रमाणे जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत विनाकारण टाकून देणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी घरात वाढलेलं मांजर तिथल्या बोक्यांसमोर दोन दिवस टिकत नाही.

२. तारीख उलटी मोजा

जाण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून सहा आठवडे मागे या. सहाच का, ते पुढच्या पायरीत लसीपाशी कळेल. पहिले दोन आठवडे दवाखाना आणि माहिती लिहिण्यात जातात, पुढचे दोन घर शोधण्यात, पाचवा घर बघून पक्कं करण्यात. सहावा आठवडा घरच्यांचा.

तारीख ठरवताना गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा टाळा. ढोल-ताशा आणि फटाक्यांत आपल्याच घरचं मांजर पलंगाखालून निघत नाही, नव्या घरात ते कसं रुळणार? ज्यांच्याकडे द्यायचंय ते पहिल्या आठवड्यात गावाला जाणार नाहीत ना, तेही विचारा.

३. दवाखान्याची कामं, याच क्रमाने

आधी तपासणी, मग जंताचं औषध, मग लस, मग नसबंदी. मांजर अशक्त किंवा सर्दीने भरलेलं असेल तर डॉक्टर लस पुढे ढकलतात, म्हणून तपासणी पहिली.

मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्रित लस असते, दवाखान्यात तिला ट्रायकॅट म्हणतात. पूर्वी कधीच दिली नसेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. सहा आठवड्यांचा हिशेब इथून येतो. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. लसीचं बुकलेट हरवलं असेल तर त्याच दवाखान्यातून नोंदी काढून घ्या. “सगळं दिलंय हो” या वाक्याला नवे डॉक्टर विचारत नाहीत, तारखा विचारतात.

नसबंदी झालेली नसेल तर देण्याआधी करा, आणि ऑपरेशननंतर किमान दोन आठवडे मांजर आपल्याच घरी ठेवा. टाके, गळ्यात कॉलर आणि नवं घर हे तिन्ही एकाच आठवड्यात आणू नका. “नवीन लोक करतील” यावर विसंबू नका. भाटी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, आणि नऊ आठवड्यांनी घरात पिल्लं. मग पुन्हा असेच फोन.

पिल्लं देत असाल तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, बारापर्यंत थांबता आलं तर उत्तम. चावताना कुठे थांबायचं हे पिल्लू आई-भावंडांकडून शिकतं. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. आपल्याला एकच दाखवायचंय, पण ते तिच्याइतकंच पारखून.

*तपासा:* बुकलेटमध्ये लसीची तारीख, लसीचं स्टिकर, डॉक्टरांची सही आणि पुढच्या डोसची तारीख, चारही आहेत ना?

४. माहिती लिहा, खरीखुरी

“क्यूट माऊला घर हवंय, अर्जंट” अशा मजकुराला पन्नास बदाम येतात आणि एकही घर येत नाही. अर्जंट हा शब्द तर टाळाच. त्याने घाईचीच माणसं येतात.

वय, नसबंदी, लसी, खाणं, लहान मुलांशी आणि इतर जनावरांशी कसं वागतं, देण्याचं कारण, आणि दोष. दोष लिहायला लोक बिचकतात, पण घर टिकतं ते दोषांमुळे. कवडीबद्दल मी लिहिलं होतं: “पहाटे साडेपाचला उठवते. पोटाला हात लावला तर चावते. कुत्रा चालणार नाही.” त्यावर फोन तीनच आले. तिघंही बोलण्यासारखे निघाले.

फोटो दिवसाच्या उजेडात, डोळे दिसतील असा. एक फोटो पूर्ण अंगाचा घ्या, म्हणजे शेपटी आणि ठिपके दिसतात. मांजर हरवलं तर हाच फोटो कामाला येतो. घराचा पत्ता, इमारतीचं नाव मजकुरात किंवा फोटोच्या मागे दिसू देऊ नका.

देताना पैसे मागायचे की नाही यावर वाद आहेत. मी मागत नाही, पण त्यांच्या खर्चाने खिडकीला जाळी लावून मागते. ज्याला जाळीचा खर्च जड वाटतो त्याला दवाखान्याचाही वाटणार.

*सावधान:* “घर बघायची गरज नाही, माझा माणूस येऊन घेऊन जाईल” किंवा “आधी गाडीभाड्याचे पैसे पाठवा” म्हणणाऱ्यांचा फोन तिथेच ठेवा.

५. घर निवडा: फोनवर दहा मिनिटं, प्रत्यक्ष अर्धा तास

बहुतेकांची चूक इथे होते, म्हणून जरा थांबून लिहिते.

फोनवर पहिला प्रश्न: घरात कोण कोण आहे, आणि मांजर नको असलेलं कोण आहे? एक तरी असतंच. ते सासरे असतील तर त्यांच्याशीही बोला. नेरुळला आजोबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “मला जनावर आवडत नाही. पण सून करणार असेल तर माझं काही नाही. देवघरात नको.” मला ते उत्तर फार आवडलं. सगळे एकसुरात “हो हो, आम्हाला खूऽऽप आवडतात” म्हणतात तिथे मी जास्त प्रश्न विचारते.

दुसरा प्रश्न: आधी मांजर होतं का, आणि ते कशाने गेलं? खिडकीतून पडून गेलं असेल तर त्यानंतर खिडकीचं काय केलं? उलट्या-जुलाबाने दोन दिवसांत गेलं असेल तर पॅनल्युकोपेनियाचा संशय धरायचा. हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. अशा घरात लस न झालेलं पिल्लू द्यायचंच नाही. दोन्ही डोस झालेलं मोठं मांजर डॉक्टरांना विचारून देता येतं.

तिसरा प्रश्न: तुम्ही बाहेरगावी गेलात तर कोण बघणार? “बघू” हे उत्तर नाही.

मग घर बघायला जा. मांजर न घेता. घोडबंदर रोडच्या टॉवरांत काय किंवा खारघर-सीवूड्सच्या इमारतींत काय, पहिलं बघायचं ते खिडक्या. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं या भरवशावर लोक निर्धास्त असतात. पायांवर उतरलेल्या मांजराचा जबडा, छाती, पाय मोडतात, आणि ते दवाखान्यात रोज दिसतं.

मी हे बघते. स्लायडिंग खिडकीची मच्छरजाळी बोटाने ढकलली तर चौकटीतून सुटते का? सुटत असेल तर मांजराच्या धडकेनेही सुटेल. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी खालच्या कडेला पक्की आहे का? मांजर तिथेच दातांनी कुरतडतं, पातळ दोरा त्याला जड नाही. तारांचं इनव्हिजिबल ग्रिल असेल तर दोन तारांमधून पिल्लाचं डोकं जाईल का? डोकं गेलं की अंग जातं. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या आणि स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचं भोक, ही दोन ठिकाणं सगळेच विसरतात. आतली जागा मोठी आहे की लहान, याने मला काही फरक पडत नाही. कोपरखैरण्याच्या एका खोलीच्या घरात मजेत राहिलेली मांजरं मी पाहिली आहेत.

घरात लिलीची फुलं ठेवायची सवय असेल तर आधीच सांगा. मांजरांसाठी ती जीवघेणी असतात, पराग अंगावर पडून चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होतात. आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. “ताप वाटला म्हणून थोडीशी दिली” हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

नकार द्यायचा तर त्याच दिवशी द्या. “जाळी लागल्यावर कळवा, मग बोलू” एवढं पुरे.

*तपासा:* एका पानाचं दत्तकपत्र करा. मांजर घरातच ठेवणार, पिल्लांसाठी वापरणार नाही, ठेवणं न जमल्यास दुसऱ्या कोणाला न देता तुम्हाला परत करणार. दोघांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत, एक मांजराचा फोटो.

६. सवयींची चिठ्ठी

हे काम रात्री एकट्याने बसून करा. रडायचं असेल तर इथे भरपूर रडता येतं आणि कोणाचं काही बिघडत नाही.

“प्रेमळ आहे, नीट सांभाळा” असलं काही लिहू नका. नव्या माणसाला रात्री अकरा वाजता उपयोगी पडेल ते लिहा. कवडीची चिठ्ठी माझ्या फोनमध्ये अजून आहे:

“खाणं सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ. कोरडं खाणं पाव वाटी. मंगळवार-शुक्रवार मांदेली, मीठ-हळद न घालता उकडून, काटे काढून. पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब ठेवा, जवळ असलं तर पीत नाही. लिटर वास नसलेलं. ट्रेला झाकण नको. ‘कवडे’ म्हटलं तर येत नाही, डब्याचं झाकण वाजवलं की येते. मिक्सरला घाबरते. बेल वाजली की पलंगाखाली. शेपटी जमिनीवर आपटायला लागली की हात काढून घ्या, पुढची पायरी दात आहे. नखं दोघांनी मिळून कापावी लागतात. जंताचं औषध गोळी नको, पातळ द्या.”

डॉक्टरांचं नाव, जुने आजार, कोणतं औषध सोसलं नाही, हे शेवटी.

७. कॅरियरची सवय

कॅरियर निदान दोन आठवडे आधी आणा आणि दार उघडं ठेवून घरात मांडा. कठीण प्लास्टिकचा, समोर जाळीचं दार असलेला घ्या, वरचा भागही सुटत असेल तर फारच सोयीचा. आत मांजर झोपतं ती चादर घाला, जेवणाचं भांडं रोज थोडं थोडं आत सरकवा. मांजर स्वतःहून आत झोपायला लागलं की दार मिनिटभर लावा, मग पाच मिनिटं, मग जिन्यातून एक फेरी. फक्त दवाखान्यात जाताना माळ्यावरून काढलेला कॅरियर दिसला की मांजर गायब होतं, हे कोणाला सांगायला नको.

फार घाबरणारं मांजर असेल तर डॉक्टर प्रवासाआधी द्यायचं सौम्य औषध लिहून देतात. ते आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच देऊन बघा, कितपत गुंगी येते ते कळतं. माणसांची झोपेची गोळी अजिबात नाही.

*सावधान:* या दोन आठवड्यांत चादर, गोधडी, खाजवायची पाटी काहीही धुवू नका. आपल्याला तो कुबट वाटणारा वास म्हणजे मांजराच्या हिशेबी घर. मी धुतलेल्या गोधडीला डिटर्जंटचा वास येत होता. कवडीने ती नेरुळला हुंगली आणि सरळ तिच्यावरून उतरून गेली.

८. निरोप: शेवटचा आठवडा

रोजच्या वेळा बदलू नका. शेवटचे दिवस म्हणून रोज ओल्या खाण्याचं पाऊच, रोज चिकन केलं की नेमकं जाण्याच्या दिवशी जुलाब. लाड करायचे तर वेळेचे करा. त्याच्या आवडत्या जागी त्याच्या शेजारी बसा. उचलून छातीशी कवटाळणं बहुतेक मांजरांना आवडत नाही, ते आपण आपल्यासाठी करतो.

मुलांना खरं सांगा. “माऊ गावाला गेली” सांगितलं तर मूल दर सुट्टीत गावाला माऊ शोधतं, आणि पुढच्या वेळी घरातलं कोणीही गावाला निघालं की रडतं. कारण सांगा, कोणाकडे जाणार ते सांगा, जमलं तर ताबा द्यायच्या आधी एकदा ते घर दाखवून आणा. त्या दिवशी मात्र नेऊ नका. चिठ्ठीत एक ओळ मुलाला लिहू द्या. एका मुलाने लिहिलेलं मला आठवतं: “तिला कार्टून बघायला आवडतं.” नव्या घरच्यांनी खरंच टीव्ही लावून दिला होता.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विसरू नका. दुपारभर मांजर आजीच्याच पायाशी असतं आणि निर्णयात तिला कोणी विचारलेलं नसतं. तिला मांजरासोबत एक दुपार एकटीला द्या.

घरात दुसरं मांजर असेल आणि दोघं एकमेकांना चाटत झोपत असतील तर शक्यतो तोडू नका, दोघांना एकत्र घेणारं घर शोधा, वेळ लागला तरी. तसं नसेल तर गेलेल्याची एक चादर मागे ठेवा. राहिलेलं मांजर तीन-चार दिवस हाका मारत फिरतं.

आदली रात्र तुमची. आमच्याकडे बाहेरगावी निघालेल्याच्या हातावर दही-साखर घालतात. आईने कवडीसमोर बोटावर ती धरली. कवडीने दही चाटलं, साखर बोटावर तशीच ठेवली. (मांजरांना गोड चव कळतच नाही, हे आईला मी नंतर सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटलं रुसली.”) मग आम्ही दिवे मालवले. बाबा ऑक्सिजनची नळी लावून दाराशी उभे होते. ते आत आले नाहीत, लांबूनच “चल गं” म्हणाले. निरोप तिथे झाला होता. दुसऱ्या दिवशी नेरुळला मी जे केलं ते जास्तीचं होतं.

*तपासा:* झोपण्याआधी पिशवी भरा. बुकलेट, चिठ्ठी, दत्तकपत्र, आठ-दहा दिवसांचं नेहमीचं खाणं, न धुतलेली चादर, त्याची भांडी, आणि वापरलेल्या लिटरमधली एक वाटी वेगळ्या पिशवीत. ही वाटी बघून लोक नाक मुरडतात. नव्या ट्रेमध्ये ती मिसळली की शू कुठे करायची हे मांजराला शिकवावं लागत नाही.

९. जाण्याचा दिवस, घड्याळाप्रमाणे

सुट्टीच्या दिवशी सकाळ निवडा. संध्याकाळी घोडबंदर रोडला किंवा कळवा नाक्याला तासभर अडकलेल्या गाडीत मांजर ओरडून ओरडून लाळ गाळतं. भर पावसाचा दिवस असेल तर विटावा पुलाखाली पाणी साचलंय का ते आधी विचारा, नाहीतर सरळ एक दिवस पुढे ढकला.

- निघण्याच्या तीन-चार तास आधी खाणं बंद, पाणी चालू. लहान पिल्लांना इतकं उपाशी ठेवू नका, डॉक्टरांना विचारा.
- तासभर आधी सगळ्या खिडक्या आणि खोल्यांची दारं लावा. मांजर एकाच खोलीत ठेवा.
- पंधरा मिनिटं आधी कॅरियरमध्ये. जात नसेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून, शेपटीकडून आत. आत शोषून घेणारा कागद किंवा पॅड.
- दाराची कडी लावल्यावर वरून नाडीने किंवा केबल टायने बांधा.
- कॅरियर हँडलला धरून लोंबकळत नेऊ नका, खालून हात द्या.

कॅबवाल्याला जनावर आहे हे फोनवरच सांगा. रिक्षा असेल तर कॅरियर मांडीवर किंवा दोन पायांच्या मध्ये ठेवा, वरून ओढणी टाका, आणि वाटेत काहीही झालं तरी दार उघडू नका. कळवा नाक्याच्या सिग्नलला माझ्या टोपलीवर बांधलेल्या ओढणीतून कवडीचं डोकं बाहेर आलं होतं. पुढचा सगळा रस्ता मी एका हाताने तिची मान धरून बसले. रिक्षावाले दादा आरशातून बघून म्हणाले, “मॅडम, पिंजरा आणायचा ना.”

१०. ताबा: पंधरा मिनिटांत बाहेर पडा

नव्या घरच्यांना आदल्या दिवशी सांगा की एक खोली तयार ठेवा. खिडक्या बंद, पलंगाखाली जागा, एका कोपऱ्यात ट्रे, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी. शेजारीपाजारी, भाचे-पुतणे पाहायला बोलावू नका.

मग असं: कॅरियर त्या खोलीत जमिनीवर ठेवा. खोलीचं दार लावा. ट्रेमध्ये लिटर घालून त्यात घरची वाटी मिसळा. चादर पसरा. कॅरियरचं दार उघडा आणि मांजराला बाहेर ओढू नका. ते दोन मिनिटांत येईल किंवा दोन तासांत. कॅरियर दोन-तीन दिवस तिथेच उघडा राहू द्या, ती त्याची ओळखीची गुहा असते.

बाहेर हॉलमध्ये बसून कागद द्या, चिठ्ठी वाचून दाखवा, त्यांचे प्रश्न ऐका, चहाला नाही म्हणा आणि निघा. परत आत डोकावू नका. घसा दाटला तर लिफ्टमध्ये. नवी मालकीण तुमच्यासमोर रडली तरी तिला धीर द्यायची जबाबदारी आज तुमची नाही.

*सावधान:* “पाच मिनिटं मांडीवर घेऊ द्या” हा हट्ट तुमचा असो वा त्यांचा, नाही. घाबरलेलं मांजर ओरबाडतं, आणि नव्या घरची पहिली आठवण रक्ताची होते.

११. नंतरचे तीन महिने

पहिले तीन दिवस रोज एकदाच फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा: खाल्लं का, शू झाली का, शी झाली का? “आमची आठवण काढते का” हे विचारू नका. पलंगाखाली बसून राहणं, रात्रीच बाहेर येणं, फुसफुसणं हे सगळं ठीक आहे.

ठीक नाही ते हे. मोठ्या मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर दवाखाना, लठ्ठ असेल तर आणखी लवकर, कारण उपाशी राहिल्याने त्याच्या यकृतात चरबी साठते. पिल्लाच्या बाबतीत एक दिवसही थांबायला नको. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कण्हतोय आणि शू येत नाही, तर सकाळची वाट न बघता त्याच तासाला. ताणामुळे लघवीचा मार्ग बंद होऊ शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. ही ओळ चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून द्या.

खाणं बदलायचं असेल तर पहिला आठवडा गेल्यावर, जुन्यात नवं मिसळत सात-आठ दिवसांत. मांजर खोलीतून घरभर फिरू लागलं तरी जिन्याच्या दाराकडे निदान महिनाभर लक्ष हवं. या दिवसांत सुटलेलं मांजर जुन्या घराच्या दिशेने निघतं, आणि नेरुळहून ठाण्याच्या वाटेवर त्याला सायन-पनवेल हायवे लागतो.

पहिले तीन महिने तुम्ही जायचं नाही. फोटो मागा, तेही त्यांना सवड असेल तेव्हा. भेट तीन महिन्यांनी, आणि ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. कवडीने मला हुंगलं, पायावरून एकदा गेली आणि आजोबांच्या खुर्चीखाली जाऊन बसली. देवघरात नको म्हणणारे तेच.

मांजर परत आलं तर कुठे ठेवायचं, हे आजच ठरवा. परदेशी जाणाऱ्यांनी इथल्या एका माणसाचं नाव आणि नंबर दत्तकपत्रावर लिहून द्यावा, आणि त्या माणसाला तसं सांगावंही. दुसरा भाग लोक विसरतात.

घरातला ट्रे, उरलेलं लिटर, खाण्याची अर्धी पिशवी आठवड्याभरात रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या एखाद्या फीडरला देऊन टाका. एक भांडं ठेवावंसं वाटलं तर ठेवा, आमच्याकडे त्यात आता कढीपत्त्याची काडी लावलेली आहे.

शेवटचं काम बुकलेटचं. पुढच्या लसीच्या वेळी त्यांच्या डॉक्टरांकडे मालकाचं नाव आणि फोन बदलून घ्यायला सांगा, नाहीतर दवाखान्याचे लसीची आठवण करून देणारे मेसेज तुम्हालाच येत राहतात. कवडीच्या बुकलेटवर मी माझं नाव खोडलं नव्हतं, खाली त्यांचं पेन्सिलने लिहिलं होतं. जूनमध्ये रेबीजच्या तारखेला त्यांनी पानाचा फोटो पाठवला. पेन्सिल पुसली होती, वर निळ्या पेनाने आजोबांचं नाव होतं.